मिनिटाला बारा लिटर

एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात नळाची तोटी आणि डोळे बादलीच्या आतल्या खुणेवर, अशा अवस्थेत उभा असलेला माणूस फार केविलवाणा दिसतो. हे मला कोणी सांगितलेलं नाही. आमच्या बाथरूममध्ये नळाच्या बरोबर वर आरसा आहे, आणि एका आठवड्यात मी स्वतःला त्या अवस्थेत रोज नऊ वेळा पाहिलं आहे. आरशातला तो चेहरा एखाद्या घाबरलेल्या माणसाचा होता. कशाला घाबरला होता, ते आता सांगतो.

मी भित्रा आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी मोठा शोध लावल्यासारखं बोलायला नको. मी कुत्र्याला भितो, कुत्र्याच्या मालकाला भितो, ओल्या हाताने विजेचं बटण दाबायला भितो आणि कचेरीत साहेबांनी 'जरा आत या' म्हटलं की माझी पाचावर धारण बसते. पण या सगळ्या भीत्या एका पारड्यात आणि तळमजल्यावरचे जेलरसाहेब दुसऱ्या पारड्यात टाकले, तर जेलरसाहेबांचं पारडं जमिनीला टेकेल. तुरुंगाच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, पण तुरुंग काही त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. ते आमच्या इमारतीचे अध्यक्ष. निवडणूक वगैरे झाली नव्हती. एका रविवारी त्यांनी सगळ्यांना बोलावून 'मी अध्यक्ष आहे' असं सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. त्यांच्या बायकोचा आवाज तर मी आठ वर्षांत ऐकला नव्हता. दाराच्या फटीतून त्या बाई दिसायच्या, हात पुसत असायच्या, आणि कोणी पाहिलं की दार लागायचं.

तर एका सकाळी आंघोळीला बसलो आणि नळाची धार सुतळीएवढी. डोक्यावरचा साबण मानेपर्यंत उतरायला इतका वेळ लागला की डोळ्यांची आग आग झाली. तशाच लाल डोळ्यांनी जिना उतरताना मी पुटपुटलो, की या इमारतीत पाणी येतं की पाण्याची आठवण येते. हे मी स्वतःशी बोललो होतो. पण आमच्या जिन्यात स्वतःशी बोलायची सोय नाही. खालून आवाज आला, "लेखी द्या."

मी लेखी दिलं. न देऊन सांगता कोणाला? जेलरसाहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे वाचल्यासारखंच पाहिलं आणि मला पाणीप्रश्नाचा चिटणीस नेमलं. तेव्हापासून ते मला नावाने हाक मारेनासे झाले. 'चिटणीस' म्हणायचे. तो शब्द ऐकला की मी आजही दचकून मागे बघतो.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून पाणीखात्याच्या कचेरीत गेलो. तिथे खिडकीपलीकडे एक कारकून होता. त्याने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, ही धोक्याची खूण मी तेव्हाच ओळखायला हवी होती. मी म्हटलं, पाणी कमी येतं. तो म्हणाला, कमी म्हणजे किती? मी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये सुतळीएवढी फट ठेवून दाखवली. तो म्हणाला, "साहेब, अर्जाला बोटं जोडता येत नाहीत." मग त्याने एक छापील नमुना माझ्यापुढे सरकवला. त्या नमुन्यात 'कमी' हा शब्दच नव्हता. तिथे फक्त 'प्रवाह, लिटर प्रति मिनिट' असा रकाना होता, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना होत्या.

त्या सूचना मला आजही पाठ आहेत. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने एक नळ पूर्ण उघडून बरोबर एक मिनिट बादलीत पाणी सोडावं आणि खुणेवरून किती भरलं ते लिहावं. असं लागोपाठ तीनदा करून सरासरी काढावी. हे दिवसातून तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. एकूण सात दिवस. रोज फाटकाजवळच्या मोठ्या मीटरचा आकडाही टिपावा. आणि शेवटची सूचना: मोजलेले पाणी वापरात किंवा टाकीत परत घेऊ नये, अन्यथा नोंद दुहेरी धरली जाईल.

मी कारकुनाला विचारलं, की मग त्या पाण्याचं करायचं काय? त्याने माझ्या मागच्या माणसाकडे पाहून 'पुढचे' म्हटलं.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या घरी सल्ल्यांची रीघ लागली. समोरच्या दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, की घड्याळाकडे डोळ्यांनी बघू नका, बायकोला मोठ्याने सेकंद मोजायला सांगा, ते जास्त अचूक येतं. ते स्वतः रोग्याच्या तोंडात कापूस धरून सेकंद मोजतात म्हणे. दुसऱ्या मजल्यावरच्या गायनाच्या बाईंचं मत पडलं, की घड्याळापेक्षा ठेका विश्वासाचा. आमच्या इमारतीचा नेहमीचा नळवाला तेवढा दारात उभा राहून डोकं खाजवत होता. तो म्हणाला, "साहेब, पाणी मोजून वाढत नसतं." आम्ही सगळे त्याला हसलो. शिकलेल्या माणसांना असं हसायला फार आवडतं.

जेलरसाहेबांनी बाराही बिऱ्हाडांना सारख्या आकाराच्या, आत खुणा केलेल्या बादल्या आणायला लावल्या आणि एक नोंदवही सुरू केली. रोज रात्रीच्या जेवणाआधी ती त्यांच्याकडे सहीला जायची. सही लाल शाईने. मी कचेरीतून आठवड्याची रजा टाकली. पहिल्या दिवशी तीनही वेळा सगळी इमारत एकाच मिनिटाला धो धो वाजली. मला खरं सांगायचं तर अभिमान वाटला. अकरा घरांत नळ उघडले गेले, अकरा घरांत बादल्या भरल्या आणि अकरा घरांतून सरासरी जवळजवळ सारखी आली: मिनिटाला बारा लिटर. सुतळीएवढी धार बहुधा त्या एकाच सकाळची होती, पण आता तसं म्हणायची सोय नव्हती.

पहिलीच बादली भरली तेव्हा हिने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, विचारलं होतं की हे पाणी ओतायचं कुठे. मी नियम सांगितला. ती म्हणाली, चांगलं पाणी मोरीत ओतायचं? मी म्हटलं, शास्त्राच्या कामात मध्ये बोलू नये. ती गप्प बसली. ती अशी गप्प बसली की मला भीती वाटते, पण त्या दिवशी जेलरसाहेबांची भीती मोठी होती म्हणून हिची मला जाणवली नाही.

अकराच बिऱ्हाडं का, तर बारावं बिऱ्हाड सगळ्यात वर, गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्यांत, शिवणकाम करणाऱ्या काकूंचं. एकट्या बाई, भाड्याने राहतात, दिवसभर शिलाईचं यंत्र चालतं, त्यावरच त्यांचं पोट. मी बादली आणि नियम घेऊन वर गेलो तेव्हा त्यांनी तोंडातली टाचणी न काढताच सांगितलं, की भाऊ, मला पुरतं तेवढं पाणी येतं, आणि दिवसातून नऊ वेळा यंत्र थांबवून नळाशी उभी राहिले तर लोकांचे कपडे कोण शिवणार? बादली त्यांनी परत माझ्या हातात दिली. मी ती नोंद केली: 'बिऱ्हाड बारा, मोजणीस नकार.' जेलरसाहेबांनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता नळातून नुसतीच फुसफुस झाली. हे आमच्याकडे कधीच झालं नव्हतं. धार बारीक असेल, पण असायची. वरची टाकी रिकामी झाली होती. चौथ्या दिवशी ती सहालाच रिकामी झाली, आणि तेही संध्याकाळची मोजणी उरकल्या उरकल्या. लोक घाबरले. लहान मुलं असलेल्या घरांनी पातेल्यांत, डब्यांत, टबात पाणी साठवून ठेवायला सुरुवात केली. गायनाच्या बाईंचा आवाज चढेना. दाताच्या डॉक्टरांनी दोन रोग्यांना चूळ भरायला उद्या या म्हणून सांगितलं. आणि मी, पाणीप्रश्नाचा चिटणीस, जिन्यात कोणी भेटू नये म्हणून बूट हातात घेऊन चढायला लागलो.

मग मी फाटकाजवळच्या मीटरचे आकडे मागच्या पावत्यांशी ताडून पाहिले आणि मग पुन्हा एकदा ताडून पाहिले. मोजणी सुरू झाल्यापासून इमारतीत रोज बाराशे शहाण्णव लिटर पाणी जास्त येत होतं. जास्त येत होतं आणि तरीही टाकी कोरडी पडत होती. याचा अर्थ इमारतीतलं कोणीतरी रोज तेवढं पाणी गिळत होतं.

हे मी जेलरसाहेबांना सांगायला नको होतं. पण आकडा नोंदवहीत होता आणि नोंदवही त्यांच्या सहीला जात होती. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा काढला आणि हळू आवाजात म्हणाले, "चिटणीस, मोजणीला कोण नाही म्हणालं?" ओरडले असते तर मला तितकी भीती वाटली नसती.

त्यांच्या डोक्यात एकदा गुन्हेगार आला की मग पुरावे आपण होऊन रांगेत उभे राहतात. एकाने काकूंच्या घरी एक मोठं निळं पिंप चढवताना पाहिलं होतं. दुसऱ्याला त्यांच्याकडून दिवसभर घरघर ऐकू यायची, म्हणजे चोरून लावलेला पंपच. मी म्हटलं, ते शिलाईचं यंत्र असेल. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, आणि खरं सांगतो, मी ते ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलंही नव्हतं. शनिवारी सकाळी जेलरसाहेबांनी माझ्या हातात नोटीस दिली. रविवारी सभा, सभेत मतदान, आणि मत पडलं की त्याच दिवशी बिऱ्हाड बाराचा नळ तोडायचा. घरमालकाने त्यांना आधीच कळवलं होतं, की नळ तुटला तर मी दुसरा जोडून देणार नाही, बाईंनी खोल्या सोडाव्यात. नोटिशीवर सही माझी. मी ती केली होती. पेन त्यांनी पुढे केलं आणि माझ्या हाताने सही केली, असं म्हणणं जास्त खरं.

नोटीस खिशात घालून मी वर गेलो. चार वेळा जिन्यात थांबलो. दार उघडंच होतं. निळं पिंप दारामागेच होतं, आणि त्यात गळ्यापर्यंत कापडाच्या चिंध्या होत्या. काकूंनी मला पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे नाही, शर्टाकडे. दुसरं बटण लोंबत होतं. 'बसा' म्हणाल्या. मी बसलो. शर्ट काढायलाही लावला नाही, अंगावर असतानाच सुई घातली. त्यांची सुई माझ्या छातीजवळ आणि नोटीस तिच्याखाली दोन बोटांवर.

"उद्या सभेत तुम्हाला बोलायचंय ना, भाऊ?" दोरा दातांनी तोडत त्या म्हणाल्या. "लोंबत्या बटणाने उभं राहू नका. लोक बटणाकडेच बघतात."

मी नोटीस शिलाईच्या यंत्रावर ठेवली आणि पळालो. जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही.

दुपारी ही झोपली होती आणि मी सभेसाठी तक्ता करायला बसलो होतो. आकडे मांडण्यात माणसाचं मन रमतं, भीती जरा मागे सरते. एका बिऱ्हाडाची एक मोजणी, बारा लिटर. लागोपाठ तीनदा, दिवसातून तीन वेळा, म्हणजे नऊ. नऊ बारे एकशे आठ. अकरा बिऱ्हाडं. एकशे आठ गुणिले अकरा. मी उत्तर लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसलो.

अकराशे अठ्ठ्याऐंशी.

पुन्हा गुणाकार केला. तेच आलं. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी नीट कळलं. पाणी कोणी गिळत नव्हतं. आम्हीच रोज अकराशे अठ्ठ्याऐंशी लिटर पाणी काळजीपूर्वक मोजून, नोंद करून, लाल शाईने सही घेऊन मोरीत ओतत होतो. इमारतभर एकच घर होतं ज्याने एक थेंब वाया घालवला नव्हता, आणि त्या घराचा नळ उद्या माझ्या सहीने तुटणार होता.

हिला उठवून सांगितलं. ती डोळे चोळत म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं." मी म्हटलं, ते खरं, पण आता काय करू? ती म्हणाली, सांगायचं. मी म्हटलं, जेलरसाहेबांना? ती म्हणाली, नाही, कावळ्यांना.

पण एक मेख होतीच. मीटरचा आकडा बाराशे शहाण्णव होता आणि माझा हिशेब अकराशे अठ्ठ्याऐंशीवर संपत होता. मध्ये एकशे आठ लिटर उरत होते. एकशे आठ म्हणजे बरोबर एका बिऱ्हाडाची मोजणी. बाराव्या बिऱ्हाडाची. मी तोंड उघडलं आणि कोणी वजाबाकी केली, तर तो फास काकूंच्याच गळ्यात जाऊन बसणार. ही म्हणाली, सभेत वजाबाकी कोण करतं? मला तेवढाच धीर आला. तो रात्रीपर्यंतच टिकला.

रविवारी सकाळी खालच्या वाहनतळावर खुर्च्या मांडल्या. काकू शेवटच्या रांगेत, नोटीस चौघडी करून हातात घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. जेलरसाहेबांनी उभं राहून प्रश्न थोडक्यात मांडला, इतका थोडक्यात की त्यात प्रश्न नव्हताच, नुसता निकाल होता. मग म्हणाले, नळ तोडावा असं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करा.

आणि माझा हात वर गेला. मी वर केला नव्हता. आठ वर्षांची सवय, त्यांचा आवाज आला की हात आपोआप उठतो. अर्ध्यावर आला असताना माझी नजर खाली शर्टावर गेली. दुसरं बटण घट्ट होतं. पांढऱ्या शर्टाला काकूंनी पांढराच दोरा शोधून लावला होता.

"साहेब," मी म्हटलं, आणि माझा आवाज एखाद्या पोराचा निघाला. "पाण्याचा चोर मी आहे."

पुढचं सगळं मी ततपप करत सांगितलं. नऊ बारे एकशे आठ, अकरा बिऱ्हाडं, मोरी, शेवटची सूचना. नोंदवहीचं पान उघडून सगळ्यांपुढे धरलं. हळूहळू एकेकाच्या तोंडावर उजेड पडत गेला. दाताच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मागे उभा असलेला नळवाला काही बोलला नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही. उठलेले हात एकेक करून खाली आले.

जेलरसाहेबांचा हात सगळ्यांत शेवटी खाली आला, तोही वहीसाठी. त्यांनी माझ्याकडून वही घेतली, बोट एका आकड्यावरून दुसऱ्यावर नेलं आणि सावकाश म्हणाले, "अकराशे अठ्ठ्याऐंशी तुमचे. मीटर म्हणतो बाराशे शहाण्णव. एकशे आठ कोणाचे?"

वजाबाकी करणारा माणूस सभेत होता. मला कसं सुचलं नाही? जन्मभर त्यांनी सकाळ-संध्याकाळ कैद्यांची मोजणीच तर केली होती. सगळ्या माना शेवटच्या रांगेकडे वळल्या. एकशे आठ, एका बिऱ्हाडाचे, बाराव्या बिऱ्हाडाचे. काकूंच्या हातातली नोटीस आता मुठीत चुरगळली होती, आणि मला कळून चुकलं की मी खरं बोलून त्यांना जास्तच खोल ढकललं.

"आपले," कोणीतरी बाईमाणूस म्हणालं.

तो आवाज कोणाचा, ते आधी कोणालाच कळेना. मग जिन्याजवळच्या दारातून जेलरसाहेबांच्या बायको एक पाऊल बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले होते. बोटांची कातडी पाण्याने सुरकुतून पांढरी पडली होती.

"आपले आहेत एकशे आठ. तुम्ही पहिल्या मोजणीवर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक वेळी सगळं दुसऱ्यांदा मोजायला लावता. नळ मी धरते. वहीत फक्त एकदाच लिहिता." जरा थांबून त्या म्हणाल्या, "चुकलं तर लोक काय म्हणतील, म्हणून. रोज झोपेतसुद्धा मोजता तुम्ही."

जेलरसाहेबांनी बायकोच्या हातांकडे पाहिलं, मग शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि काकूंपुढे हात केला. काकूंनी मूठ उघडली. जेलरसाहेबांनी नोटीस सरळ केली, खिशातलं लाल पेन काढलं आणि माझ्या सहीवर 'रद्द' लिहिलं. दोन अक्षरं लिहायला त्यांना फार वेळ लागला.

ते वळले तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला. ओठ कोरडे पडलेले, डोळे कुठल्यातरी खुणेवर लावलेले, आणि खूण सापडत नसलेली. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. आमच्या बाथरूमच्या आरशात मी तो आठवडाभर रोज नऊ वेळा पाहिला होता.

मी उठलो आणि माझी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा, साहेब," मी म्हटलं.

ते बसले.